प्रकाश मंदावतो, पण पल्सचं काय होतं?

‘स्लो लाइट’बद्दल, म्हणजे प्रकाशाच्या पल्सचा (क्षणभराच्या झोताचा) वेग मुद्दाम घटवण्याबद्दल, पत्रं बरीच आली, गोंधळ मात्र एकच. म्हणून आज एवढाच विषय.

प्रश्न : घरचं फायबर इंटरनेट रात्री रेंगाळतं. प्रकाश मंद होतो का? (हडपसर)

नाही. फायबरच्या काचेत प्रकाश रात्रंदिवस सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटरच धावतो. राउटर आणि कनेक्टर तंत्रज्ञाकडून तपासून घ्या.

प्रश्न : फायबरचं वेटोळं केलं की प्रकाश मंदावतो ना? (कोथरूड)

वेग तोच, वाट लांबते. १ किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद. घट्ट वळवलंत तर प्रकाश बाहेर गळेल.

प्रश्न : हार्वर्डमध्ये प्रकाश सायकलच्या वेगावर आणला म्हणे. मला एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी १ नॅनोसेकंदाची पल्स फायबरमध्ये थोपवायची आहे. त्यासाठीच्या उपकरणाचा विक्रेता ‘शून्य विकृती’ची, म्हणजे पल्सचा आकार अजिबात न बिघडण्याची, हमी देतो. घेऊ का? (पाषाण)

थांबा. १९९९मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लेने हाऊ यांनी सेकंदाला १७ मीटर वेग गाठला, म्हणजे ताशी ६१ किलोमीटर. सायकल नव्हे! आणि तेही अतिशीत सोडियम अणूंच्या ढगात. साध्या फायबरमध्ये ब्रिल्वाँ विकिरणाने (काचेतल्या ध्वनिलहरींवरून प्रकाश विखुरण्याने) पल्सला विलंब लावल्याचे प्रयोग २००५चे.

तिथे समोरून सोडलेला पंप लेसर (ऊर्जा पुरवणारा लेसर) वारंवारतांच्या एका अरुंद पट्ट्यात प्रकाश वाढवतो आणि त्याच पट्ट्यात पल्सचा समूहवेग, म्हणजे अख्खी पल्स पुढे सरकण्याचा वेग, घटतो. पट्टा जेमतेम ३० मेगाहर्ट्झचा. तुमच्या पल्सला ४०० मेगाहर्ट्झहून जास्त जागा लागते. मधल्या वारंवारतांचा प्रकाश वाढेल, कडेच्यांचा तेवढा वाढणार नाही, आणि पल्स पसरून बाहेर येईल. पंपाची वारंवारता हलती ठेवून पट्टा रुंदावता येतो. पण पट्टा पंधरापट केलात की प्रकाशाच्या तेवढ्याच वाढीला विलंब पंधराव्या हिश्शावर येतो. भरपाईला पंपाची शक्ती वाढवावी, तर गोंगाटही वाढतो. विकृती कमी करता येते, शून्य नाही. पल्सची रुंदी (ती किती वेळ टिकते ते) न सांगता नुसता विलंबाचा आकडा छापणं ही फसवणूक आहे, आणि दरवर्षी विद्यार्थी तिला बळी पडतात.

आत गेलेली आणि बाहेर आलेली पल्स एकाच आलेखावर मागा. तो आलेख मार्गदर्शकांना दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि हे याच आठवड्यात करा. सबमिशनच्या तोंडावर मला लिहून उपयोग नाही.

प्रश्न : पंप चालू असताना कनेक्टर काढून प्रकाश येतोय का, डोळ्यांनी पाहिलं तर? (गणेशखिंड)

कधीही नाही. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण इजा करू शकतो. लेसर बंद करूनच कनेक्टर काढा, तपासायला पॉवर मीटर वापरा. आधीच पाहिलं असेल तर आजच नेत्रतज्ज्ञांकडे जा.