व्हर्च्युअलबॉक्समधला (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दीड मिनिट अडून इमर्जन्सी मोडमध्ये जातो. पुन्हा इन्स्टॉल करू का? सगळं काम आत अडकलंय.

इन्स्टॉल मुळीच करू नका. तुम्ही लिहिलंय की लोगो येतो, मग दीड मिनिट काहीच होत नाही आणि शेवटी काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोड, म्हणजे बूट पुरं झालं नाही की दुरुस्तीसाठी कमांड द्यायची जागा. म्हणजे ग्रब (उबुंटू सुरू करून देणारा प्रोग्राम) चालला, कर्नल (उबुंटूचा गाभा) वर आलं, मूळ पार्टिशनही (डिस्कचा उबुंटू असलेला भाग) सापडलं. अडलंय ते त्याच्या पुढे कुठेतरी, आणि तुमचं काम बहुतेक जागच्या जागी आहे. "नो बूटेबल मीडियम" असं आलं असतं तर मी डिस्क जोडलेली आहे का आणि मशीनच्या सेटिंगमधली ईएफआयची (बूट करायची एक पद्धत) टिक इन्स्टॉल करताना होती तशीच आहे का, ते बघायला सांगितलं असतं. तुमचं दुखणं वेगळं आहे.

हेच दुखणं मी इथे इंदूरला, रामबागेत बघितलंय. एका काकांचा छोटा छापखाना आहे. बिलांचा प्रोग्राम उबुंटूत, उबुंटू व्हर्च्युअलबॉक्समध्ये आणि ते सगळं एका विंडोजच्या डब्यावर. सकाळी सकाळी फोन: "अरे, मशीन उठतच नाहीये." गेलो. आधी पोहे आले, वर शेव आणि जीरावण, त्यामुळे घाई करता आली नाही. विचारलं, "काका, काल काय बदललंत?" "काहीच नाही रे." या उत्तरावर मी कधीच विश्वास ठेवत नाही, माझ्या स्वतःच्या तोंडून आलं तरी.

व्हर्च्युअलबॉक्समधलं मशीन बंद करून आधी तिचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी केला. नुसती व्हीडीआय फाइल (मशीनची डिस्क हीच) उचलू नका. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घेतलेले असतील तर अलीकडचा डेटा त्यांच्या फाइलींत असतो. मग मशीन सुरू करताना ग्रबची यादी आणली (ईएफआय असेल तर एस्केप, नसेल तर शिफ्ट दाबून धरायची), उबुंटूच्या ओळीवर "ई" दाबलं आणि लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीतून "क्वाएट" आणि "स्प्लॅश" हे दोन शब्द खोडून एफ10 दाबलं. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. त्या लोगोखाली एवढं काही झाकलेलं असतं की तो मी माझ्याकडे कायमचाच काढून टाकलाय.

आता पडदा बोलायला लागला. एका ओळीत "स्टार्ट जॉब इज रनिंग", पुढे एका डिस्कचा लांबलचक यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि सेकंद मोजणारा आकडा, मर्यादा 1 मिनिट 30 सेकंद. सिस्टमडी (बूटच्या वेळी एकेक गोष्ट सुरू करणारा प्रोग्राम) सहसा एवढाच वेळ डिस्कची वाट बघतं, मग हात टेकतं. इमर्जन्सी मोडमध्ये एंटर दाबून आत गेलो, "एलएसबीएलके -एफ" चालवून हजर असलेल्या डिस्का बघितल्या आणि ईटीसी फोल्डरमधली एफएसटॅब फाइल (बूटच्या वेळी कोणत्या डिस्का जोडायच्या त्याची यादी) शेजारी धरली. फाइलीत तीन नोंदी, जागेवर दोनच. तिसरीच्या पुढे लिहिलं होतं बॅकअप.

"काका, ही बॅकअपची डिस्क?"

"ती होय! ती मी उडवली. सी ड्राइव्ह भरली म्हणून विंडोज बोंबलत होतं, आणि ती तर कोणी वापरतही नव्हतं."

त्या ओळीच्या सुरुवातीला # टाकला, म्हणजे ती ओळ वाचलीच जात नाही, सेव्ह केलं, रीबूट. चहा यायच्या आत बिलं छापायला लागली. सेव्ह होत नसेल तर रूट (तेच मूळ पार्टिशन) नुसतं वाचण्यापुरतं माउंट झालंय, म्हणजे जोडलं गेलंय, असं समजा. "माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /" चालवा. आणि रूट खातं (सर्वाधिकार असलेलं) बंद आहे म्हणून आतच घेत नसेल तर उबुंटूची आयएसओ (इन्स्टॉलची डिस्क-फाइल) जोडून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारा उबुंटू, सुरू करा, ते पार्टिशन माउंट करा आणि त्यातली एफएसटॅब सुधारा. लाइव्हची स्वतःचीही एफएसटॅब असते, तीच उघडून बसू नका. मी एकदा बसलोय.

डिस्क पुढे परत जोडणार असाल तर त्या ओळीच्या पर्यायांत "नोफेल" घाला. मग ती नसली तरी बूट अडत नाही. रूटच्या ओळीला मात्र हात लावू नका.

तुमच्याकडे एफएसटॅबमधली प्रत्येक डिस्क हजर असेल आणि तरी अडत असेल तर "जर्नलसीटीएल -एक्सबी" चालवून लाल ओळी वाचा. फाइलसिस्टम (डिस्कवर फाइली मांडायची रचना) बिघडल्याचं दिसलं तर एफएससीके (ती तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवा, पण लाइव्ह आयएसओवरून, ते पार्टिशन माउंट न करता. लाल ओळी इथे टाकल्यात तर पुढचं बघू.