तालीम वर्गात, प्रयोग रंगमंचावर

प्रश्न : आमचं तालुक्याचं छोटं कॉलेज आहे. सभागृह नाही, बाकं सारून वर्गातच तालीम करतो. तिथे नीट बसलेली एकांकिका पुण्यात भरत नाट्य मंदिरात, पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत विस्कटली. वेळ वाढली, मागच्या रांगांना ऐकू गेलं नाही. काय चुकलं?

उत्तर : अंतर चुकलं. वर्गात नट दारातून आला की दोन पावलांत बोलायच्या जागी पोहोचतो. रंगमंचावर विंगेतून, म्हणजे बाजूच्या पडद्याआडून, तिथपर्यंत सहा-सात पावलं पडतात, म्हणजे तीनेक सेकंद जास्त. चाळीस एंट्री-एक्झिट असल्या तर दोन मिनिटं इथेच जातात. विंगेपासून विंगेपर्यंतची रुंदी आणि खोली नाट्यगृहाकडून आधीच मागवा, मैदानावर फक्कीने तेवढा चौकोन आखा आणि निदान शेवटचे आठ दिवस तिथे उभे राहा. पावसाने मैदान मिळालं नाही तर लांब व्हरांडाही चालेल.

ऐकू न येण्याचं कारण बहुतेकदा लहान आवाज नसतं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नवखा नट नेमका तिथेच श्वास संपवतो. ‘मी त्याला पैसे दिले नाहीत’ यातलं ‘नाहीत’ गिळलं की प्रेक्षकाला उलटाच अर्थ कळतो. उपाय ओरडणं नव्हे, त्याने घसा बसतो आणि व्यंजनं पुसली जातात. नटाला पन्नास फुटांवर उभं करा, समोर एकजण त्याच्याकडे पाठ फिरवून बसवा. शेवटचा शब्द ऐकू आला नाही की त्याने हात वर करायचा. लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा, ते संहितेत पेन्सिलीने खूण करून ठेवा.

ब्लॅकआउटची, म्हणजे प्रसंग बदलताना मंचावर केलेल्या अंधाराचीही तालीम लागते. उजेडातून अंधारात आलेल्या नटाला काही क्षण काहीच दिसत नाही, म्हणून टेबल-खुर्च्या त्याने हलवू नयेत. आधीपासून विंगेच्या अंधारात थांबलेल्यांनी ते काम करावं. सामानाच्या जागी रेडियम टेपचे बोटभर तुकडे लावा.

प्रश्न : युवा महोत्सवासाठी दहा मुलींचं कोळीनृत्य बसवतोय. रांग सारखी वाकडी होते आणि पायही दुखतात.

उत्तर : शेजारणीकडे बघून नाचलं की रांग वाकडी होणारच. मंचाचा मध्य आणि दोन्ही बाजूंचे पाव भाग खडूने दाखवा, प्रत्येकीने त्या खुणेवरून आपली जागा धरावी. पाय दुखतात ते बहुधा सिमेंटच्या फरशीमुळे, ती धक्का शोषत नाही. उड्या सलग पंधरा-वीस मिनिटांच्या वर नकोत, बाकी वेळ हात आणि वळणं घ्या. काष्टा नेसूनच तालीम सुरू करा. सलवारीत जमलेली बैठक लुगड्यात अडते आणि हे ऐन दिवशी कळून उपयोग नसतो.

प्रश्न : स्नेहसंमेलनाच्या नाटकाला दोन 500 वॉटचे हॅलोजन आहेत. चेहरे भुतासारखे दिसतात.

उत्तर : दिवे मंचाच्या कडेला जमिनीवर ठेवले असणार. खालून उजेड आला की नाकाची सावली कपाळाकडे जाते आणि मागच्या पडद्यावर राक्षसी आकृत्या पडतात. दोन्ही दिवे समोरच्या कोपऱ्यांबाहेर स्टँडवर आठ-दहा फूट उंच लावून आत वळवा, नटांना पडद्यापासून पाच फूट पुढे आणा. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या हव्यातच.

रंगासाठी पतंगाचा किंवा सजावटीचा जिलेटिन कागद काचेला बांधू नका, तो पेटतो. दिव्यांसाठी मिळणारा उष्णतारोधक जेलच (रंगीत पारदर्शक शीट) घ्या, तोही तारेच्या चौकटीत, काचेपासून वीतभर लांब. दोन्ही दिवे मिळून 1000 वॉट होतात. ते 15 अँपिअरच्या सॉकेटवर घ्या आणि माइकचा अँप्लिफायर दुसऱ्या लाइनवर ठेवा. डिमर (उजेड कमी-जास्त करायचं साधन) वापरणार असाल तर एकाच लाइनवर स्पीकर गुणगुणतो. अर्ध्या तासाने पिन हाताला गरम लागली तर दिवे बंद करा, सॉकेट सैल आहे. प्रयोगाआधी ते वायरमनकडून बदलून घ्या.