एमएससी जेलवर गोलच राहतात? मीडियम बदलायच्या आधी हे बघ

तू लिहिलंयस की व्हायल एकच, मीडियम (पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव) तोच, तरी बोन मॅरोच्या एमएससी (मेसेन्कायमल मूळपेशी) प्लास्टिकवर मस्त पसरतात आणि 1 किलोपास्कल कडकपणाच्या, म्हणजे अगदी मऊ जेलवर टाकल्या की गोल होऊन बसतात, तर मीडियम बदलू का. नको रे, मीडियमला आत्ता हातच लावू नकोस.

पेशी खालची जमीन ओढून बघतात. इंटिग्रिनने (पेशीच्या पृष्ठभागावरचे हात म्हण) जेलवर लावलेलं कोलॅजन धरायचं, आतल्या मायोसिन या मोटर प्रथिनाने खेचायचं, जमीन हलली नाही तर ताण चढतो, पेशी पसरते, यॅप (जनुकं चालू करणारं प्रथिन) केंद्रकात जातं. 2006 चा डेनिस डिशरच्या लॅबचा ‘सेल’ जर्नलमधला पेपर वाचला असशीलच (त्यातले शमिक सेन आता आपल्या पवईच्या आयआयटीत आहेत). तेच कोलॅजन लावलेल्या जेलवर 0.1 ते 1 किलोपास्कलला न्यूरॉनसारख्या फांद्या, 8 ते 17 ला स्नायूकडे, 25 ते 40 ला हाडाकडे, आणि ब्लेबिस्टॅटिनने मायोसिन बंद केलं की हा सगळा खेळ खल्लास. तुझी प्लास्टिकची प्लेट तर गिगापास्कलमध्ये, म्हणजे त्या कडक जेलच्याही साधारण लाखपट.

पण गोल पेशी म्हणजे मऊपणाचाच परिणाम असं लगेच धरू नकोस, इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. सल्फो-सॅनपाह (यूव्हीखाली कोलॅजन जेलला चिकटवणारं रसायन) पाण्यात विरघळवलं, कोणीतरी चहाला बोलावलं, तासाभराने येऊन तेच जेलवर ओतलं. ते पाण्यात भराभर निकामी होतं हे माहीत असूनही! यूव्हीखाली केशरीचं तपकिरी झालं म्हणून मी निर्धास्त, पण रंग बदलला म्हणजे कोलॅजन चिकटलंच असं नसतं ना. पेशी गोल, आम्ही खूश, दोन महिने त्यावर स्लाइड्स बनवल्या. मग एकीने सहज विचारलं, कडक जेलवर काय दिसतं? केलं, तर तिथेही गोलच. धरायलाच काही नव्हतं बिचाऱ्यांना.

त्यामुळे 30 किलोपास्कलच्या आसपासचं जेल त्याच दिवशी, त्याच कोलॅजनने कोट करून शेजारच्या वेलमध्ये लाव. तिथे पसरल्या तर मऊपणा खरा, तिथेही गोल तर कोटिंग गंडलंय.

आणि पॅसेज कितवा, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या प्लेटवर हलवल्यास, ते लिहिलं नाहीस. प्लास्टिकवर जास्त दिवस काढलेल्या पेशी नंतर मऊ जेलवर आल्या तरी यॅप केंद्रकातच अडकून राहतं, 2014 मध्ये क्रिस्टी ॲन्सेथच्या लॅबने हे दाखवलंय. पॅसेज 3 च्या आतल्या असतील तर त्याच घे, आणि कडक जेलचा फोटो इथे टाक, मग मीडियमचं बोलू.