लेक बाकावरच बसते, ‘सोडून दे’ म्हणावं का?

“ती शुक्रवारी खेळत नाही, शनिवारी खेळत नाही आणि रविवारी दिवसभर फोन उचलत नाही. तिला आता सोडून दे म्हणायचं का?” एका आईने नोव्हेंबरमध्ये मला, समुपदेशक म्हणून, विचारलेला हा प्रश्न. लेक मिनेसोटात वाढलेली, अमेरिकेतल्याच एका विद्यापीठाच्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळांतली सर्वांत वरची श्रेणी) महिला आइस हॉकी संघात पहिल्या वर्षाला. आईवडील मूळचे नाशिककडचे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) खेळ टेनिस असो की पोहणं, परदेशातल्या मराठी घरांतून हीच काळजी वारंवार कानावर येते: पोरीने दहा-बारा वर्षं जीव ओतला आणि आता चार वर्षं बाकावरच जाणार का?

आईला दिलेलं पहिलं उत्तर एवढंच होतं: नोव्हेंबरमध्ये नाही. महिला कॉलेज हॉकीचा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो आणि बहुतेक संघांचा फेब्रुवारीच्या शेवटी संपतो. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत फक्त ११ संघ जातात. नोव्हेंबर हा मधला सगळ्यात खडतर टप्पा. सुरुवातीची उमेद ओसरलेली, सहामाही परीक्षा तोंडावर, साडेचारलाच अंधार. या महिन्यात ‘राहू की सोडू’ हा प्रश्न घेतला तर उत्तर थकवाच देतो.

मुलीला नेमकं काय झेपत नव्हतं ते आधी समजून घ्यायला हवं. मिनेसोटात मुलींची राज्यस्तरीय शालेय हॉकी स्पर्धा १९९५पासून भरते आहे. तिथला शालेय सामना १७ मिनिटांच्या तीन पिरियडचा, म्हणजे ५१ मिनिटांचा, आणि त्यातला निम्मा वेळ ही बर्फावर असायची. कॉलेजात पिरियड २० मिनिटांचा झाला, सामना ६० मिनिटांचा झाला आणि हिच्या वाट्याला चौथी लाइन आली. (लाइन म्हणजे एकत्र उतरणाऱ्या तीन फॉरवर्ड; चौथीला सगळ्यात कमी वेळ मिळतो. एकदा उतरून बाकावर परतेपर्यंतचा खेळ म्हणजे शिफ्ट.) चांगल्या दिवशी आठ शिफ्ट, एक शिफ्ट ४० सेकंदांची. गोळाबेरीज ५ मिनिटं २० सेकंद. वाईट दिवशी तेही नाही. संघात पंचवीसेक मुली असतात. सामन्याला कपडे चढवतात त्या साधारण १२ फॉरवर्ड, ६-७ डिफेन्स आणि गोलकीपर. उरलेल्या ‘स्क्रॅच’. घरच्या सामन्याला त्या ट्रॅकसूटमध्ये प्रेक्षकांत बसतात, बाहेरगावच्या सामन्याला बसमध्ये जागा मिळेलच असं नाही.

कोणाची जागा कुठे, हे तोंडाने सांगावं लागत नाही. सरावात प्रत्येक लाइनच्या जर्सीचा रंग वेगळा असतो. लॉकर रूममध्ये शिरलं की आपल्या खुंटीवर कुठला रंग टांगलाय ते आधी दिसतं. हिच्या संघात राखाडी म्हणजे जादा खेळाडू. ऑक्टोबरच्या मध्यापासून ही सरावाला वीस मिनिटं आधी पोहोचत होती. प्रशिक्षकांना वाटलं, मुलगी मेहनती आहे. खरं कारण वेगळं होतं: राखाडी जर्सी पाहताना आपला चेहरा कसा होतो ते कोणाला दिसू नये, म्हणून ती आधी जायची.

पहिल्या भेटीत सल्ला दिला नाही. सात दिवसांची वही दिली. रोज पाच रकाने: झोपली किती वाजता आणि उठली किती वाजता, काय आणि कधी खाल्लं, खेळावर किती तास गेले, अभ्यासावर किती, आणि डोकं, मान, पोट किती दुखलं ते ० ते १० मध्ये. हा शेवटचा रकाना बहुतेक पालकांना अनावश्यक वाटतो. या प्रकरणात तोच सगळ्यात कामाचा ठरला.

आधी तासांचं बघू. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमानुसार डिव्हिजन वनमध्ये हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही, दिवसाला चार तासांपेक्षा जास्त नाही, आणि आठवड्यात एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. पालक हा आकडा वाचून निर्धास्त होतात. पण सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तो तीनच तास धरला जातो. बसचा प्रवास मोजला जात नाही, दुखापतीच्या उपचारांचा वेळही नाही. हिच्या वहीत बाहेरगावच्या सामन्यांच्या आठवड्यात कागदावरचे २० तास प्रत्यक्षात ३६ झाले होते. शनिवारी रात्री बस परतली पावणेतीनला, सोमवारी सकाळी रसायनशास्त्राची चाचणी. आठवड्यातल्या चार रात्री झोप सहा तासांहून कमी. एवढ्या झोपेवर कुठलीही वीस वर्षांची मुलगी रडवेली होईल, बाकावर बसो वा पहिल्या लाइनमध्ये खेळो.

आता डोक्याचा रकाना. त्यात रोज ४, ५, ६ असे आकडे होते. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं, “वर्गातले दिवे टोचतात.” विचारल्यावर कळलं की नऊ दिवसांपूर्वी सरावात ती बोर्डवर, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतीवर, आदळली होती. क्षणभर सगळं पांढरं झालं, मग ती उठून रांगेत उभी राहिली. कोणाला सांगितलं नाही. का, तर राखाडी जर्सीवालीने दुखतंय म्हटलं की राखाडी जर्सीही जाते, ही तिची भीती.

इथे समुपदेशन थांबवलं आणि तिला त्याच दिवशी संघाच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरकडे पाठवलं. (हा जिममधला ट्रेनर नव्हे, दुखापतींची जबाबदारी असलेला प्रशिक्षित माणूस.) महिला कॉलेज हॉकीत बॉडी चेकिंगला बंदी असल्यामुळे खेळ सुरक्षित आहे असं पालक धरून चालतात. मुद्दाम अंगावर धडकून पाडणं बंद आहे, पण पकसाठी (हॉकीतली रबरी चकती) खांद्याला खांदा लागतो, स्केटची पकड सुटते, डोकं काचेवर जातं. मेंदूला हादरा बसणं या खेळात नवीन नाही. आणि त्याची लक्षणं काय असतात? झोप बिघडते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, कारण नसताना रडू येतं. हीच यादी आईने पहिल्या फोनवर ‘खचली आहे’ म्हणून वाचून दाखवली होती. म्हणून बर्फावर खेळणाऱ्या मुलीचा स्वभाव अचानक बदलला असेल तर पहिला प्रश्न डोक्याला मार लागला का हा असावा, मनाचा त्यानंतर.

निदान झालं. मग ठरलेल्या पायऱ्या. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, पण अंधाऱ्या खोलीत कोंडून घेणं नाही. थोडं चालणं चालतं, स्क्रीन कमी. नंतर हलकी सायकल, नंतर एकटीने स्केटिंग, मग कोणाचा धक्का लागणार नाही असा सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. लक्षणं वाढली तर एक पाऊल मागे. धक्क्याच्या सरावाआधी डोकं पूर्ण शांत झालेलं हवं. अभ्यासाचंही तसंच: विद्यापीठाकडून परीक्षेला जादा वेळ मागून घेतला, दोन प्रयोगवह्या पुढे ढकलल्या. खेळाडूने परत कधी उतरायचं हा निर्णय वैद्यकीय चमूचा असतो, मुख्य प्रशिक्षकालाही तो फिरवता येत नाही. हे कळल्यावर तिचा श्वास मोकळा झाला, कारण आपण दुखतंय म्हणून ‘जागा सोडली’ असं आता तिला वाटत नव्हतं. बरं व्हायला तीन आठवडे लागले.

डिसेंबरच्या परीक्षा झाल्या आणि मगच बाकाचा विषय काढला. तोवर ती झोपत होती, जेवत होती आणि तिचा आवाज तिचा वाटत होता.

प्रशिक्षकांशी बोलायचं ते मुलीने. आईवडिलांनी ईमेल लिहायचा नाही, अगदी नम्रसुद्धा नाही. कॉलेज पातळीवर तो मुलीच्याच विरोधात जातो. सामन्यानंतर २४ तास जाऊ द्यायचे, वेळ मागून घ्यायची, १५ मिनिटं पुरतात. पहिल्या तालमीत ती म्हणाली, “मी इतकी मेहनत करते तरी मला खेळवत नाही.” या वाक्याला प्रशिक्षक फक्त धीर देऊ शकतात, माहिती देऊ शकत नाहीत. म्हणून वाक्यं बदलली. संघात आज माझं काम काय आहे? सामन्याला कपडे चढवायचे तर माझ्या खेळात कोणत्या दोन गोष्टी बदललेल्या दिसायला हव्यात? त्या तुम्ही कुठे बघता, सरावात की व्हिडिओत? तीन आठवड्यांनी पुन्हा येऊ का? दुसऱ्या मुलीचं नाव काढायचं नाही, उत्तर समोरच लिहून घ्यायचं.

ती गोल कमी होतात म्हणून बाहेर आहोत असं धरून चालली होती. प्रशिक्षकांनी गोलांचा विषयही काढला नाही. त्यांच्या दोन गोष्टी अशा. एक, आपल्या भागातून पक बाहेर काढताना ही विंगर (कडेने खेळणारी फॉरवर्ड) बोर्डपाशी पक गमावते. दोन, हिच्या शिफ्ट लांबतात: ४० सेकंदांच्या जागी ६५.

व्हिडिओवर तिच्या फक्त दहा शिफ्ट पाहिल्या आणि दोन्ही गोष्टी एकाच दोरीच्या निघाल्या. शिफ्ट कमी मिळतात, म्हणून मिळालेली सोडवत नाही. पन्नास सेकंदांनंतर पाय जड होतात. जड पायांनी बोर्डपाशी पोहोचायला उशीर होतो, समोरची डिफेन्स खेळाडू आधीच पुढे सरकलेली असते, पक जातो, आणि पुढची शिफ्ट मिळत नाही. दुसऱ्या पिरियडमध्ये हे जास्त घडत होतं, कारण तेव्हा बाजू बदललेल्या असतात आणि आपला बाक बचावाच्या भागापासून लांब पडतो. दमलेल्या खेळाडूला बदलीसाठी तेवढं अंतर कापताच येत नाही. स्वतःला सिद्ध करायची घाईच तिला बाकावर नेत होती. हे तिला स्क्रीनवर दिसलं, कोणाला सांगावं लागलं नाही.

उपायही मग हाताशी आले. सरावानंतर दोन्ही बाजूंना वीस-वीस पक बोर्डवरून फिरत येऊ द्यायचे आणि सहायक प्रशिक्षकाने अंगावर यायचं. पक येण्याआधी दोनदा खांद्यावरून मागे पाहायचं, पाठ बोर्डला, स्केटची टोकं पुढच्या दिशेला. वेळ असेल तर मधल्या खेळाडूला पास. नसेल तर लाज न बाळगता काचेला लावून पक ब्लू लाइनबाहेर, म्हणजे आपल्या भागाच्या हद्दीबाहेर. शिफ्टसाठी एकच नियम: पक समोरच्यांच्या भागात खोल गेला की लगेच बदली, उरलेला जोर कितीही असो. आणि ज्या वीकेंडला बसमध्ये जागा नाही, त्या वीकेंडचा बेत गुरुवारीच ठरवायचा: सकाळी रिंक, दुपारी वाचनालय, संध्याकाळी माणसांत जेवण. खोलीत एकटीने लॅपटॉपवर स्वतःच्याच संघाचा सामना पाहायचा नाही. ते दोन तास तिला सगळ्यात जास्त पोखरत होते.

घराकडेही वळावं लागलं. वडील ऑनलाइन सामना बघताना फोनवरचं स्टॉपवॉच लावायचे. लेक बर्फावर उतरली की सुरू, बाकावर गेली की बंद, आणि आकडा वहीत: “४ मि. ५० से.” प्रेमच ते. पण सामन्यानंतर फोनवर पहिलं वाक्य तेच असायचं, “आज पाचसुद्धा दिली नाहीत का गं?” संयुक्त भेटीत लेक म्हणाली, “बाबा, मला तो आकडा माहीत असतो. तुम्ही सांगितलात की तो दोनदा होतो.” तेव्हा ठरलं की सामन्याच्या रात्री फोन तिने करायचा, घरच्यांनी नाही. आईने पहिलं विचारायचं ते “जेवलीस का?” खेळाचा विषय तिने काढला तरच. नाशिकच्या आजीला ‘किती गोल केलेस’चं उत्तर आईने परस्पर द्यायचं.

दोन गोष्टी इथेच सांगून ठेवतो, कारण त्यांत उशीर महागात पडतो. मुलगी जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही बोलली, तर हंगाम संपायची वाट बघायची नाही. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येतं, आणि त्याच रात्री कोणीतरी तिच्याजवळ असावं. दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. खेळ चांगला होत नाही किंवा दुखापत झाली म्हणून चालू मुदतीतली क्रीडा शिष्यवृत्ती कमी करता येत नाही. मात्र खेळाडूने स्वतःहून संघ सोडला तर ती काढून घेता येते. म्हणून रात्री दोन वाजता रागाच्या भरात “मी सोडतेय” असा ईमेल जाऊ देऊ नका. करारपत्र आधी शांतपणे वाचा, संघ बदलायचा विचार असेल तरीही.

जानेवारी-फेब्रुवारीतल्या शेवटच्या १४ सामन्यांपैकी नऊ सामन्यांना तिने कपडे चढवले. मिनिटं पाचाची सात झाली. संघाची एक खेळाडू शिक्षा भोगत बाहेर असताना बचाव करायला तिला पाठवू लागले. संघ फेब्रुवारीच्या अखेरीस विभागीय उपउपांत्य फेरीत हरला.

मार्चमध्ये प्रशिक्षकांबरोबर हंगामानंतरची भेट असते. ‘राहू की सोडू’ तिथवर राखून ठेवलं होतं. तिने तेच चार प्रश्न नेले. उत्तर असं आलं की पुढच्या वर्षीही सुरुवात चौथ्या लाइनपासून, पहिल्या दोन लाइनची खात्री नाही. दोन दिवस तिने कोणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री घरी फोन केला. जेवली होती. मग म्हणाली की पुढचं वर्ष खेळणार आहे, रसायनशास्त्राचा एक विषय उन्हाळ्यात उरकणार आहे, आणि ऑक्टोबरमध्ये घरच्या पहिल्या सामन्याला दोघांनी यावं, मी कपड्यांत असेन किंवा तुमच्या शेजारी बसेन.