दाताची कॅप, सिमेंट आणि लुकण

प्रश्न असा होता की डेंटिस्ट म्हणाले "कॅप सिमेंटने फिक्स करू", तर या सिमेंटला मराठीत काय म्हणायचं, आणि कॅप 'बसवली' म्हणायचं की 'चिकटवली'?

आधी क्रियापदाचं बघू. बसवली. सगळे तेच म्हणतात आणि ते अगदी नेमकं आहे, कारण कॅपसाठी दात चहूबाजूंनी घासतात तेव्हा तो वरच्या बाजूला किंचित निमुळता ठेवतात, त्यामुळे पेनाला टोपण बसावं तशी कॅप मुळात मापामुळे टिकते. जुनं झिंक फॉस्फेट सिमेंट, म्हणजे झिंक ऑक्साइडची पावडर नि फॉस्फरिक ॲसिड गार काचेवर थोडं थोडं घोटायचं (कालवताना तापतं, आणि तापलं की लवकर आवळतं), ते दाताला चिकटतच नाही! मधली फट भरून काढतं आणि दोन्हीकडच्या खरबरीतपणात अडकून बसतं, बस. तो थरही साधारण 25 मायक्रॉनचा हवा, जाड झाला तर कॅप उंच राहते आणि चावताना तिथंच लागतं.

दाताला खरंच चिकटणारं सिमेंट आलं 1968 मध्ये, डेनिस स्मिथ यांचं झिंक पॉलिकार्बोक्सिलेट, आणि मग सत्तरच्या दशकात विल्सन आणि केंट यांचं ग्लास आयोनोमर. हल्लीच्या रेझिन सिमेंटला तर 'चिकटवणे' खुशाल म्हणा, तिथं ते शोभतं.

आता नाम. 'सिमेंट' म्हटलं की आपल्याला गोणी आणि गवंडी दिसतो, पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ दगडाच्या कपच्या असा होता, म्हणजे तो शब्दही कुठून कुठं आलाय बघा. कुणीतरी 'वज्रलेप' सुचवलंय. शब्द भारदस्त आहे, पण वज्रलेप मूर्तीला वरून देतात, हे आतलं काम आहे. शिवाय तात्पुरती कॅप मुद्दाम निघेल अशा सिमेंटने लावतात, त्याला कसला वज्रलेप! (त्यात पुष्कळदा लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं, दवाखान्यातला तो ओळखीचा वास त्याचाच.)

माझं मत 'लुकण'. खिडकीच्या काचेच्या कडेला सुतार भरायचा ते. डेंटिस्ट लोक या कामाला ल्यूटिंग म्हणतात, ते लॅटिन 'लूटुम' म्हणजे चिखल यावरून, जुने किमयागार भांड्यांचे सांधे चिखलानं लिंपायचे त्यातून आलेलं. आपल्याकडे वैद्य भस्म करताना संपुटाच्या, म्हणजे तोंडाला तोंड लावलेल्या दोन मातीच्या परळांच्या, सांध्याला कापडमाती करतात (चिखलात भिजवलेलं कापड गुंडाळतात), किंवा दम देताना हंडीच्या झाकणाला कणकेची वळी लावतात, काम तेच, सांधा बंद करायचा. लुकणात नेमकं हेच येतं, चिकटवण्यापेक्षा फट भरणं.

अर्थात डेंटिस्टला जाऊन "लुकण कुठलं वापरणार?" विचारू नका, तिथं सिमेंटच म्हणा. मागं चिक्की खाताना माझी कॅप निघून हातात आली तेव्हा मीही फोनवर "सिमेंट सुटलं" एवढंच म्हणालो होतो. आणि कॅपला डेंटिस्ट 'क्राउन' म्हणतात, त्यासाठी मुकुट नको हो, दाढेला मुकुट म्हणजे गणपतीची आरास वाटते. आमची आजी टोपण म्हणायची, "दाढेला टोपण घातलंय". मला तर तेच आवडतं.