८५ हजारांचा चार्जर, की आधी नीट वायर?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या १८ वर्षं जुन्या इमारतीत फ्लॅट, मंजूर भार ३ किलोवॅट, सिंगल फेज, महिन्याचा वापर २२० युनिटच्या आसपास. इलेक्ट्रिक कार बुक केली आहे, बॅटरी ४० युनिटची, रोजची धाव ४० किलोमीटर. ७.२ किलोवॅटचा चार्जर, वायरिंग आणि भारवाढ मिळून गाडी विकणाऱ्यांनी ८५,००० रुपये सांगितले आहेत आणि ते कारच्या कर्जातच टाकून देतो म्हणतात. घ्यावं का?

माझं उत्तर: ७.२ चा चार्जर आत्ता घेऊ नका. वायरिंग मात्र नवीनच करा, आणि त्यात काटकसर नको.

गाडीला रोज किती वीज लागते ते आधी पाहू. बॅटरीतल्या एका युनिटमागे ७ किलोमीटर धरले आणि चार्जिंगमधली सुमारे १० टक्के घट वजा केली, तर मीटरवरच्या एका युनिटला ६.३ किलोमीटर पडतात. म्हणजे ४० किलोमीटरला साडेसहा युनिट. गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर ३.३ किलोवॅटचा असतो, त्याचं हे दोन तासांचं काम. रात्रीचे आठ तास मिळाले तर दीडशेहून जास्त किलोमीटरची सोय होते. बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर १३-१४ तास लागतील हे खरं, पण ती वेळ महिन्यातून किती वेळा येणार? गावाला निघताना वाटेत फास्ट चार्जर आहेतच.

७.२ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टवर ३१ अँपिअर. सिंगल फेज जोडणी साधारण ४० अँपिअरपर्यंतच मिळते. २ किलोवॅटचा गीझर लावला की ९ अँपिअर गेले, हद्द संपली. मग थ्री फेज घ्या म्हणतील, त्याचा स्थिर आकार दरमहा जास्त. शिवाय या गाड्यांमधला ७.२ चा चार्जर सहसा सिंगल फेजच असतो, त्यामुळे थ्री फेज घेऊनही गाडीचा सगळा भार एकाच फेजवर येतो. आणि तुम्ही घेतलेल्या व्हेरियंटमध्ये आतला चार्जर ३.३ चाच असेल, तर भिंतीवर काहीही लावा, वेग वाढणार नाही. बुकिंगच्या कागदावर हे आधी तपासा.

कर्जाचं गणितही सोपं आहे. ८५,००० रुपये ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता १,७६५ च्या आसपास, व्याज जवळपास २१,००० रुपये. ‘ईव्ही कर्जाच्या व्याजावर करसवलत’ असं कोणी सांगितलं तर लक्ष देऊ नका; आयकराचं कलम ८०ईईबी फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना लागू आहे.

आता पैसे कुठे घालायचे ते. घरातल्या १५ अँपिअरच्या पॉइंटला बहुधा अडीच स्क्वेअर एमएम जाडीची वायर असते. गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी तासन् तास सलग १४-१५ अँपिअर ओढते. वायरपेक्षा आधी गरम होतो तो सॉकेटचा सैल कॉन्टॅक्ट किंवा मधला जोड. प्लास्टिक तपकिरी पडतं, मग वितळतं. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, अशा वेळी पडत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड तर मुळीच नको.

मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र, मध्ये जोड नसलेली तांब्याची लाइन टाका. ३.३ किलोवॅटला चार स्क्वेअर एमएम पुरते, पण अंतर ४० मीटर असेल तर मी सहाची टाकायला सांगेन. पाइप आणि मजुरी तेवढीच लागते आणि पुढे ७.२ हवा झालाच तर भिंत पुन्हा फोडावी लागत नाही. आत्ता त्यावर २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि इंडस्ट्रियल सॉकेट. आरसीसीबी ‘टाइप ए’च मागा. दुकानात सहज मिळणारा ‘टाइप एसी’ घेतला तर डीसी गळती आली की तो ऐनवेळी ट्रिप न होण्याचा धोका असतो. अर्थिंग मोजून घ्या. जुन्या इमारतींत तेच खराब निघतं आणि गाडी चार्ज व्हायला नकार देते. हे सगळं माझ्या अंदाजाने ३० हजारांच्या आसपास बसावं. कोटेशनमध्ये वायरची जाडी आणि लांबी किती मीटर ते लिहून घ्या, नुसतं ‘वायरिंग’ नको.

मंजूर भार ३ वरून ७ किलोवॅट करून घ्या. अर्जाला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागेल. महिना हजार किलोमीटरला १६० युनिट वाढतील, म्हणजे वापर ३८० वर. यातले ८० युनिट ३०१-५०० च्या महाग टप्प्यात जातील. २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर ईव्हीसाठी वेगळी जोडणी मागता येते, पण तिचा स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. केवळ ८० युनिटांसाठी ते परवडणं कठीण वाटतं. दोन्ही दरपत्रकं शेजारी ठेवून बघा. स्मार्ट मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये दरात सूट आहे; सुट्टीच्या दिवशी त्या वेळेत चार्ज करा.

सोसायटीचं पत्र वायर टाकण्याआधी घ्या. आणि पहिल्या रात्री तासाभराने खाली जाऊन प्लगला हात लावा: कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर चार्जिंग थांबवून वायरमनला बोलवा.