मोगऱ्याला पानंच पानं, कळी एक नाही

प्रश्न : ताई, कुंडीतला माझा मोगरा हिरवागार आहे. पानं तुकतुकीत, फांद्या हातभर लांब. पण वसंत सरत आला तरी कळीचा पत्ता नाही. दर आठवड्याला खत घालते, दोन वेळा पाणी देते. अजून काय कमी पडतंय?

उत्तर : कमी काहीच पडत नाहीये, जास्त होतंय. तुकतुकीत पानं आणि हातभर फांद्या हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय, पण माझ्या दृष्टीनं दुखणं तेच आहे. खतातलं नत्र (नायट्रोजन) भरपूर मिळालं की मोगरा पानांच्याच मागे लागतो. तेव्हा खत आजपासून बंद. पाणीही वरची माती बोटाला कोरडी लागली तरच द्या, पण मग कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत द्या.

आता छाटणी. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या शेंड्याला येते, जुन्या फांदीवर नाही. म्हणजे नवे फुटवे जितके जास्त, तितकी फुलं जास्त. मोठी छाटणी थंडी ओसरताना करायची असते, ती वेळ गेली. पण हलकी छाटणी आत्ताही चालते आणि तुम्ही ती जरूर करा. वेलासारख्या लांबत गेलेल्या फांद्या एक तृतीयांश कमी करा. मोगऱ्याची पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, निजलेला असतो. पानांच्या जोडीच्या थोडं वर कापलंत की ते दोन्ही डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या दोन होतात. कोवळ्या पानांच्या दोन-चार जोड्या झाल्या की टोकाला हिरव्या टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या दिसतील, बहुतेक वेळा तीन-तीनच्या झुबक्यात. मधली आधी फुलते, बाजूच्या दोघी मागून. छाटल्यापासून साधारण महिना-दीड महिना धीर धरा.

झुबका फुलून गेला की त्याचं देठ तसंच ठेवू नका. खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापा, म्हणजे तिथूनच पुढचा बहर धरेल. माझ्या मते मोगऱ्याची अर्धी निगा या एवढ्याशा कात्रीच्या कामात आहे. महागड्या खतांपेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

ऊन किती मिळतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. पाच-सहा तास थेट ऊन हवंच. नुसत्या उजेडात झाड जगतं, फुलत नाही.

आणखी एक. कळ्या आल्यावर रोज बारकाईनं बघा. निरोगी कळी फिकट हिरवी असते आणि फुगत फुगत पांढरी होते. एखादी मधेच जांभळट दिसली, तिच्यावर सुईच्या टोकाएवढं भोक असलं, तर आत कळी पोखरणारी अळी आहे असं समजा. अशा कळ्या खुडून लांब टाकून द्या. कुंडीत पडू देऊ नका, आणि खाली पडलेल्याही वेचून घ्या. सुरुवातीला एवढं केलंत तर बहुधा फवारणीची वेळच येत नाही.

प्रश्न : फुटबॉल लिलीला गेल्या वर्षी मे महिन्यात लाल गोळा आला होता. फूल सुकल्यावर पानं फार पसरली म्हणून कापून टाकली. यंदा नुसती पानंच वर आली आहेत. कंद उकरून बघू का?

उत्तर : नका उकरू! या कंदाला हलवलेलं मुळीच आवडत नाही. उकरलात तर पुढचं वर्षही बहुधा फुलाविना जाईल.

कारण तुमच्या प्रश्नातच आहे. मोगरा याच मोसमातल्या फुटव्यावर फुलतो, पण या लिलीचं फूल आदल्या वर्षीच्या पानांच्या कमाईवर येतं. फूल ओसरल्यावर पानं उन्हात अन्न तयार करून कंदात भरत राहतात. तीच कापली गेली, मग कंद रिता राहिला आणि यंदा त्यानं पानांवरच भागवलं. म्हणून आता पानं ठेवा, कितीही पसरू देत. या काळात पाणी नियमित द्या, महिन्यातून एकदा मूठभर कुजलेलं शेणखत द्या. थंडी सुरू होताना पानं आपसूक पिवळी पडून गळतील. त्यानंतर पाणी जवळजवळ बंद करा. झोपलेल्या कंदाला ओल लागली की तो कुजतो. पुन्हा उकाडा सुरू झाला आणि मातीतून कोंब डोकावला की पाणी चालू करा.

फुलेल तेव्हा तो गोळा जवळून जरूर बघा. ते एक फूल नाही. दीड-दोनशेपर्यंत चिमुकली फुलं एका दांड्यावर जमलेली असतात. प्रत्येकाला सहा अरुंद पाकळ्या, सहा लांब केसर आणि केसरांच्या टोकाला पिवळे परागकण. मला या दिवसांत याच्याइतकं देखणं दुसरं काही वाटत नाही. कंद मात्र विषारी असतो. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा.

प्रश्न : माझा वेली गुलाब वर्षातून एकदाच, वसंताच्या शेवटी फुलतो. दर हिवाळ्यात मी त्याची छाटणी करते, पण फुलं दरवर्षी कमीच होत चालली आहेत.

उत्तर : हिवाळ्यातली छाटणी थांबवा. बारमाही गुलाब नव्या फुटव्यावर फुलतात, त्यांना ती मानवते. एकदाच फुलणारे वेली गुलाब बहुतेक करून गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात, आणि हिवाळ्यात तुम्ही नेमक्या त्याच कापता. यंदाचा बहर संपला की लगेच, मुळाजवळच्या एक-दोन सर्वांत जुन्या, जाड फांद्या काढा. नवे लांब फुटवे मात्र कापू नका. ते आधाराला आडवे बांधा, कारण आडव्या फांदीला प्रत्येक डोळ्यातून फुटवा येतो आणि उभी फांदी फक्त शेंड्याला फुलते.